थोरल्याला सिलिअॅक असेल, तर धाकट्याची जनुकीय तपासणी करावी का?

चांदणवेल:
गेल्या आठवड्यात इथे एका पालकांनी लिहिले की, घरातल्या एका मुलाला सिलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, निघाला की बाकीच्या मुलांची एचएलए तपासणी, म्हणजे या आजाराशी जोडलेल्या जनुकांची तपासणी, करून घेणे हे जबाबदार पालकांचे कर्तव्यच आहे, आणि जे ती करत नाहीत ते डोळ्यांवर कातडे ओढून बसले आहेत. हे वाक्य मला फार लागले, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या थोरल्याचे निदान झाल्यावर बालरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून आम्ही धाकटीची तपासणी केली. डीक्यू२ पॉझिटिव्ह आले. या आजाराशी जोडलेल्या डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकप्रकारांपैकी एखादा ३० ते ४० टक्के लोकांमध्ये असतो आणि त्यांतल्या फार थोड्यांना, साधारण तीन टक्क्यांना, पुढे हा आजार होतो, एवढेदेखील त्या दिवशी आम्हाला कोणी सांगितले नाही. तेव्हापासून तिचे पोट दुखले की घर चिडीचूप होते, वजन वाढले नाही की आम्ही रात्र जागून काढतो, आणि सासूबाईंनी तर काळजीपोटी तिच्या ताटातली पोळीच बंद केली. कसलाही आजार नसलेली मुलगी घरात रुग्ण ठरली आहे. यावर काही उपाय असता तर ही चिंताही आनंदाने सोसली असती. परंतु जोखमीच्या बाळांना चौथ्या महिन्यापासून थोडे थोडे ग्लूटेन देऊन पाहणाऱ्या युरोपातील ‘प्रिव्हेंटसीडी’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली आले, आणि त्याने आजार टळत नाही असेच दिसले. मग हे आधी कळून आई-बापांनी करायचे काय?

काटेसावर:
तुमचे दुःख खरे आहे, पण त्यावरून तपासणीच निरर्थक ठरवू नका. माझ्या मुलीचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे वाढत नव्हते, उंची खुंटली होती, लोहाच्या औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या संपत होत्या, आणि एका डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितले की हा पंजाबकडच्या मुलांचा आजार आहे, आपल्याकडे ज्वारी खातात. ती वर्षे मला कोणी परत देणार आहे का? तिचे निदान झाल्यावर मुलाची जनुकीय तपासणी केली. डीक्यू२ नाही, डीक्यू८ नाही. म्हणजे त्याला हा आजार होण्याची शक्यता जवळपास संपली आणि वारंवार रक्त काढण्याची गरजही उरली नाही. त्या रात्री मी शांत झोपले. ही झोप इतर आयांना मिळू नये, असे आपण म्हणता?

उंबरठा:
निगेटिव्ह आलेल्यांनी झोपेचे वर्णन करणे सोपे असते. पॉझिटिव्ह आल्यावर सुनेचे काय होते, ते मी सांगते. आमच्याकडे अहवाल आला त्याच संध्याकाळी ‘तुझ्या माहेरी कोणाला होते?’ असा प्रश्न आला. माझ्या आईचा संधिवात, मावशीचे थायरॉइड, सगळे उकरून काढले गेले. माझे रक्त तपासले, नवऱ्याचे तपासण्याचा विषयदेखील निघाला नाही. डीक्यू२ दोन जनुकांच्या जोडीतून बनते. ती जोडी एकाच पालकाकडून येऊ शकते, तसेच एक भाग आईकडून आणि दुसरा वडिलांकडून येऊन मुलात जुळू शकते, हे मला फार पुढे एका समुपदेशकाकडून कळले. तोवर मी दोषी ठरले होते. आता मुलीच्या लग्नाच्या वेळी हे सांगायचे की लपवायचे, यावर चर्चा चालते. मुलगी दुसरीत आहे!

रानवारा:
मी पॅथॉलॉजीत काम करतो. माहेर-सासरचा वाद हा तपासणीचा दोष नव्हे, घराचा आहे. तो इथे आणून मूळ प्रश्न झाकू नये. चांदणवेल, तुमच्या लिखाणातली सर्वांत गंभीर गोष्ट पोळी बंद होणे ही आहे. गहू सोडलेल्या मुलाची टीटीजी, म्हणजे या आजारात रक्तात दिसणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी, खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे आजार असला तरी सापडणार नाही. आपल्या देशातल्याच पाहणीचे २०१६ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहा: रक्तात या आजाराची प्रतिपिंडे सापडलेले लोक उत्तरेत १.२३ टक्के, दक्षिणेत ०.१० टक्के, आणि जनुकांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे. उत्तरेच्या ताटात गहू कितीतरी अधिक. नुसते जनुक काही ठरवत नाही.

उंबरठा:
घराचा दोष! अहवाल प्रयोगशाळेत छापला जात असेल, पण तो वाचला घरात जातो. तपासणीपूर्वी दोन्ही पालकांना समोर बसवून दहा मिनिटे बोलायला आपल्या क्षेत्रातल्या कोणाला वेळ का होत नाही, याचे उत्तर द्या, आणि मग मला विषय शिकवा.

रानवारा:
आधी समुपदेशन व्हायला हवे, हे मान्य. ते बहुतेक ठिकाणी होत नाही, हेही मान्य करावे लागते.

काटेसावर:
लग्नाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तेवढ्यापुरते आपले बरोबर. तरी भावंडांमधली जोखीम पाच ते दहा टक्क्यांच्या घरात असते आणि अनेकांना लक्षणेच नसतात. त्यामुळे स्वस्थ बसा, हा सल्ला मी कधीही देणार नाही.

चांदणवेल:
स्वस्थ बसा असे मी म्हटलेलेच नाही. भावंडांची टीटीजी तपासणी अधूनमधून करावी, हे मला पूर्ण पटते. तिचा अहवाल आज आजाराची चिन्हे आहेत की नाहीत ते सांगतो आणि त्यावर पुढे काही करता येते. माझा विरोध आहे तो कर्तव्य म्हणून पालकांच्या माथी मारलेल्या जनुकीय तपासणीला. निगेटिव्ह आल्यास सुटका होते, हे काटेसावर यांचे म्हणणे खरे, पण ज्याला हवी त्याने पॉझिटिव्हचाही अर्थ आधी समजून घेऊन ती करावी. रानवारा, धाकटीला उद्यापासून पोळी सुरू करते. टीटीजीपूर्वी ती किती आठवडे खाल्लेली असावी, हे आमच्या डॉक्टरांना नेमके कसे विचारू, तेवढे कृपया लिहा.