सेफ्टी ऑफिसरची मुलाखत आणि दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन : जाणकारांनी लिहावं

सेफ्टी ऑफिसरच्या मुलाखतीचं पत्र येतं आणि शेवटी एक ओळ असते, 'सोबत दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन आणावे'. विषय कधी दिलेला असतो, कधी 'सुरक्षेशी संबंधित कोणताही' एवढंच. एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम) केलेली मुलं इथं अडखळतात. अभ्यास झालेला असतो, पण दहा मिनिटांत काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. पॅनेलवर बसणारे, साइटवर असणारे, ट्रेनिंग घेणारे, सगळ्यांनी लिहा. आपली कहाणी नको. काय करायचं, किती करायचं, कुठं चुकतं आणि का, तेवढं हवं.

रसायन कारखाना, सुरक्षा विभाग

'औद्योगिक सुरक्षेचे महत्त्व' हा विषय घेऊ नका. एकच काम निवडा, उदाहरणार्थ टाकी साफ करायला माणूस आत उतरवणे. सहा स्लाइड पुरतात : काम आणि जागा, धोके, रिस्कचा अंदाज, नियंत्रणं, काम सुरू असतानाची तपासणी, काही बिघडलं तर काय. पहिल्या दोन स्लाइड दोन मिनिटांत संपवा आणि नियंत्रणांना चार मिनिटं द्या. पॅनेल तिथंच कान देऊन ऐकतं.

टाकीच्या विषयात हमखास चुकणाऱ्या जागा सांगतो. 'व्हॉल्व्ह बंद केला' म्हणजे टाकी वेगळी झाली, असं होत नाही. व्हॉल्व्ह गळतो. लाइन सोडवायची किंवा फ्लॅंजमध्ये (पाइपच्या जोडात) ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी चकती टाकायची, आणि ब्लाइंडचा नंबर परमिटवर (कामाच्या लेखी परवान्यावर) लिहायचा. गॅस तपासताना क्रम असा : आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. ऑक्सिजन आधी का, हे न विचारता सांगा. नेहमीच्या मीटरमधला ज्वलनशील वायूचा सेन्सर तो वायू जाळून मोजतो. आत ऑक्सिजनच कमी असेल तर तो खोटा, कमी आकडा दाखवतो. मर्यादाही तोंडपाठ हव्यात : ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू एलईएलच्या (पेट घ्यायला हवेत लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांखाली. तपासणी वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड म्हणून खाली बसतो, मिथेन हलका म्हणून वर जमतो. नुसतं मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरल्याचं चित्र लावलंत तर तिथंच प्रश्न येणार.

शेवटच्या स्लाइडवर बचाव असतो. 'बाहेरचा माणूस लगेच आत जाईल' हे वाक्य लिहू नका. एकापाठोपाठ एक माणसं दगावतात ती याच चुकीनं. बाहेरच्यानं आत उतरायचं नाही. ट्रायपॉड आणि विंच (तिपाई आणि दोर ओढायचं यंत्र) आधीपासून लावलेलं हवं आणि आतल्याच्या हार्नेसला (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्यांना) दोर जोडलेला हवा.

प्रेस शॉप, मेंटेनन्स

चाकण, भोसरीकडच्या ऑटो पार्टच्या कंपनीत मुलाखत असेल तर पॉवर प्रेस (पत्रा दाबून सुटे भाग काढणारं मशिन) हा विषय घ्या, पण आकड्यासकट. 'लाइट कर्टन बसवावा' इतकं कुणीही म्हणतं. हा किरणांचा पडदा, हात मध्ये आला की मशिन थांबवतो. तो डायपासून (साच्यापासून) किती अंतरावर, हे सांगणारा वेगळा दिसतो. हिशोब सोपा आहे. हाताचा वेग २००० मिलिमीटर प्रति सेकंद धरतात. किरण तुटल्यापासून रॅम (प्रेसचा खाली येणारा भाग) पूर्ण थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील, तर २००० गुणिले ०.२ म्हणजे ४०० मिलिमीटर. हे १४ मिलिमीटर रिझोल्यूशनच्या कर्टनसाठी. किरणांमधली फट वाढली की बोटं जास्त आत जाऊ शकतात, म्हणून अंतरही वाढवावं लागतं. ब्रेक लायनर झिजलं की थांबायचा वेळ वाढतो आणि तेच ४०० अपुरं पडतं. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक मुदतीनं मोजायचा, ही ओळ स्लाइडवर हवीच.

दुसरी खूणगाठ : पिन-क्लचच्या जुन्या प्रेसला लाइट कर्टन लावून उपयोग नाही. क्लच एकदा गुंतला की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये थांबतच नाही. तिथं हात आत जाणारच नाही असा बंद डाय किंवा पक्का गार्ड लागतो.

डाय बदलताना लॉकआउट (मशिन बंद करून त्याच्या स्विचला कुलूप लावणं) दाखवायचं असेल तर खरं कुलूप आणि टॅग हातात घेऊन जा. कुलूप लावल्यावर रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, एअर लाइनमधला दाब सोडणं, आणि शेवटी स्टार्ट बटण दाबून मशिन चालू होत नाही ना हे पाहणं. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. डुप्लिकेट किल्ली सुपरवायझरकडे असेल तर त्या कुलपाला अर्थ उरत नाही.

बांधकाम साइट

उंचीवरच्या कामाचा विषय घेतलात तर 'हार्नेस घालावा' म्हणून थांबू नका, खाली जागा किती लागते ते काढून दाखवा. लॅनयार्ड (हार्नेसचा दोर) २ मीटर, त्यातला झटका शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर उघडून १.७५ मीटरपर्यंत वाढतो, पाठीच्या रिंगपासून पायापर्यंत १.५ मीटर आणि शिवाय १ मीटर राखीव. बेरीज ६.२५ मीटर, हुक अडकवलेल्या जागेपासून खाली. आता तोच माणूस पहिल्या स्लॅबच्या कडेला, जमिनीपासून ३ मीटरवर पायाशी हुक लावून उभा असेल तर? हार्नेस घालूनही तो जमिनीवर आपटेल. तिथं कठडा हवा किंवा कडेपर्यंत पोचूच न देणारा आखूड दोर. एका साध्या रेखाचित्रावर ही चार मापं लिहा, दुसरी स्लाइड लागत नाही.

आकड्यांबद्दल

एलटीआयएफआर (वेळ वाया गेलेल्या दुखापतींचा दर) दाखवताना गुणक, म्हणजे किती तासांमागे दर काढला ते, लिहाच. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे १० लाख मनुष्यतास, अमेरिकन पद्धतीत २ लाख. ५०० कामगार, रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे १२ लाख तास. वेळ वाया गेलेल्या दुखापती ३ असतील तर पहिल्या पद्धतीनं दर २.५ येतो आणि दुसऱ्या पद्धतीनं ०.५. गुणक न लिहिता ०.५ दाखवलं की लपवाछपवी वाटते. कंत्राटी कामगारांचे तास धरलेत का, हा पुढचा प्रश्न ठरलेला.

रिस्क मॅट्रिक्समध्येही (शक्यता आणि तीव्रता यांना आकडे द्यायच्या तक्त्यात) एक चूक नेहमीची. हेल्मेट, हातमोजे दिले आणि तीव्रता ५ वरून १ केली. पीपीईनं (अंगावर घालायच्या सुरक्षा साधनांनी) धोका जागचा हलत नाही. दहा मीटरवरून पडणं हे हेल्मेट घालूनही तीव्रच. शक्यता कशानं कमी झाली ते दाखवा, नाहीतर आकडा आहे तिथंच ठेवा.

कायद्याची स्लाइड

जुनी स्लाइड तशीच उचलू नका. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४०-ब मध्ये सेफ्टी ऑफिसर नेमायला १००० कामगारांची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० चा ओएसएच कोड (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्याचा कायदा) लागू आहे. त्यात सेफ्टी ऑफिसरसाठी ५०० कामगार, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. बांधकामालाही २५०. एवढ्या दोन ओळी पुरे, कलमं वाचून दाखवू नका.

ट्रेनिंग घेणारी

काही ठिकाणी प्रेझेंटेशनऐवजी 'आम्ही कामगार आहोत असं समजून टूलबॉक्स टॉक द्या' म्हणतात, म्हणजे काम सुरू करण्याआधी कामगारांशी सुरक्षेवर थोडक्यात बोलणं. तिथं स्लाइड बंद करा, उभे राहा, पाच मिनिटांत संपवा. 'संभाव्य धोक्यांचे मूल्यांकन' असं कामगारांशी कुणी बोलत नाही. 'दादा, ग्राइंडरचा गार्ड काढून ठेवलाय, चाक फुटलं तर तुकडा कुठं जाईल?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. चाकावरचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) आणि मशिनवरचा आरपीएम दोन्ही मोठ्यानं वाचायला लावा. चाकाचा आकडा मशिनपेक्षा कमी असेल तर ते चाक लावायचं नाही, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. परप्रांतीय कामगार धरले असतील तर तेच हिंदीत सांगायची तयारी ठेवा. 'समजलं का?' विचारलं की सगळे माना डोलावतात. त्यापेक्षा एकाला करून दाखवायला सांगा.

लॅपटॉप, फाइल वगैरे

बऱ्याच कारखान्यांत पेनड्राइव्ह चालत नाही, यूएसबी पोर्ट बंद असतात. आदल्या दिवशी एचआरला फोन करून विचारा. पीडीएफ मेलवर ठेवा आणि चार छापील प्रती जवळ. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशिनवर अक्षरांचा काला होऊन दिसतो. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. आधीच्या कंपनीतल्या अपघाताचे फोटो अजिबात नकोत, चेहरे झाकूनही नाही. उद्या आमचेही फोटो हा दुसरीकडे दाखवेल, असंच समोरच्यांना वाटतं. रेखाचित्र काढा.

पॅनेलवर असतो, एकच भर

शेवटी प्रॉडक्शनचे साहेब विचारतात, 'डिस्पॅच आज जायचाय, गार्ड उद्या बसवू, चालेल?' 'नाही' हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. पूर्ण उत्तर असं : हे मशिन बंद राहील, तो जॉब दुसऱ्या कोणत्या मशिनवर घेता येईल ते तुमच्याबरोबर आत्ता बघतो, गार्डला किती तास लागतील ते मेंटेनन्सला विचारून सांगतो, आणि हे लेखी ठेवतो.