एप्रिलमध्ये अंगणात एवढा बर्फ, मग डोंगरात अजून स्कीइंग मिळेल का?

पोह्यांची_प्लेट:
डेन्व्हरकर कोणी जागे आहात का? काल रात्रीपासून पडतोय तो पडतोयच, सकाळी पॅटिओच्या टेबलावर मुलाची पट्टी रोवून बघितली तर ती पूर्ण बुडाली, आणि एप्रिल अर्धा संपलाय! नवरा ट्यूलिप गेले म्हणून तोंड पाडून बसलाय, मी मात्र स्की बूट गराजमधनं परत वर आणलेत. यंदाच शिकले, आत्ता कुठे ब्लू रन (मधल्या अवघडपणाचा उतार) जमायला लागला होता तर आमच्या पासवालं रिसॉर्ट गेल्या रविवारी बंद झालं. इथे एवढा पडलाय म्हणजे वर कंबरभर असेल ना? आणि बंद झालेली परत उघडतात का कधी?

माणदेशी_डेन्व्हरात:
ताई, अंगणातल्या बर्फावरून डोंगराचा हिशेब करू नका, पहिल्या वर्षी सगळेच फसतात. वसंतातली अशी वादळं बरीचशी अपस्लोप असतात, म्हणजे वारा पूर्वेकडून येतो, ओली हवा फ्रंट रेंजवर (डेन्व्हरच्या पश्चिमेची डोंगररांग) चढते आणि अलीकडच्या अंगालाच रिकामी होते. आपल्याकडे पाऊस सह्याद्रीवर सांडतो आणि आमचा माण कोरडाच्या कोरडा राहतो ना, तसंच, फक्त दिशा उलटी. एकदा मी असाच एप्रिलात हुरळून निघालो, आय-७० वर (डोंगरात जाणारा हायवे) चिखलातनं तीन तास काढले आणि आयझेनहॉवर बोगद्यातनं पलीकडे बाहेर आलो तर लख्ख ऊन, रस्ता वाळलेला, वर ताजा बर्फ बोटभर. बायको काही बोलली नाही, तिने फक्त गॉगल घातला. अपस्लोपचा खरा फायदा बोल्डरजवळच्या एल्डोराला, पण ते साधारण याच सुमाराला बंद होतं, आता काय बोलणार.

सकाळची_लिफ्ट:
+१. पण एवढं निराश नका करू हो त्यांना. लव्हलँड आणि अरापाहो बेसिन (ए-बेसिन) ही उंचावरची रिसॉर्ट्स बघा, ए-बेसिनचा पायथाच १०,७८० फुटांवर, त्यामुळे मे महिन्यात चालू असणं ही तिथे नेहमीची गोष्ट, २०१९ ला तर ४ जुलैपर्यंत चालू होतं. बाकीची बंद होतात ती बर्फ संपला म्हणून नाही, लोक सायकली काढतात, सीझनचा स्टाफ घरी जातो, मग एका वादळासाठी परत कोण उघडणार? क्वचित एखादं उघडतंही, पण त्या भरवशावर राहू नका.

आणि उद्याच पळू नका. हा बर्फ जड, ओला, स्कीला असा चिकटतो की स्की थांबते आणि आपण पुढे जातो (गुडघा माझा, अनुभवही माझाच). दोन-तीन दिवस ऊन आणि रात्री कडक थंडी मिळाली की कॉर्न स्नो होतो, त्याचे दाणे अगदी भिजलेल्या साबुदाण्यासारखे. सकाळी ८ ला दगड, १० च्या पुढे मोकळी खिचडी, १ वाजता लगदा. त्या मधल्या दोन-तीन तासांसाठी जायचं. हनुवटीखाली आणि नाकाच्या आतल्या कडेला पण सनस्क्रीन लावा, ऊन खालून येतं.

कुंडीतली_तुळस:
तुम्हाला स्कीइंग सुचतंय, इथे माझ्या लायलॅकची फांदी मोडली. २० मे २०२२ आठवतंय ना, आदल्या दिवशी ८८ डिग्री फॅरनहाइट होतं आणि त्या दिवशी बर्फ! पालवी फुटलेल्या झाडांवर ओझं बसतं, आत्ताच झाडू घेऊन फांद्या खालून वर हलक्या हलवा, वरून बडवू नका. ट्यूलिप उठतील परत, काळजी नको.

पोह्यांची_प्लेट:
तुळसताई, ट्यूलिपचं ऐकून नवऱ्याने चहा केला! बरं मग मंगळवारी रजा टाकून लव्हलँड, शाळेला बुट्टी. आमच्या बंद रिसॉर्टवर पायी चढून गेलं तर? ऑफिसातला एक जण जातो म्हणे.

माणदेशी_डेन्व्हरात:
नको. स्की पट्रोल (मदतीला येणारं पथक) नाही, हिमस्खलनाचं कंट्रोल नाही आणि प्रत्येक रिसॉर्टचे नियम वेगळे, मुलाला घेऊन तर अजिबात नको. आणि टायर बघून निघा, आय-७० वर ट्रॅक्शन लॉ (बर्फात चालतील असे टायर हवेत हा नियम) ३१ मेपर्यंत असतो.

सकाळची_लिफ्ट:
जायच्या आधी स्कीला गरम हवेचं वॅक्स लावून घ्या, बहुतेक पिवळं असतं. जानेवारीचं चालणार नाही.