त्रिनिदादमध्ये अस्सल तिथलं काय खाल्लंत? अनुभव लिहा

चटपटे: कामानिमित्त पोर्ट ऑफ स्पेनला जायचंय. हॉटेलातलं ऑम्लेट-टोस्ट आणि पास्ता नकोय. तिथली माणसं रोज काय खातात, कुठे खातात? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

रंकाळा: सकाळी लवकर बाहेर पडा आणि डबल्स खा. क्युरेपच्या नाक्यावर गाड्या लागतात, ऑफिसला निघालेले लोक उभ्या उभ्या खाऊन पुढे जातात. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यावर रसदार छोले, काकडी, चिंचेची चटणी. गाडीवाल्याचा हात इतका सराईत की एका झटक्यात कागदाला पीळ घालून पुडी तुमच्या हातात. तिखट किती, हे तो विचारतोच. 'स्लाइट' म्हणायचं! मी कोल्हापूरचा, पण तिथल्या मिरचीपुढे आपला माज चालत नाही. मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची तिथलीच.

पानगी: शाकाहारी असाल तर दक्षिणेला डेबे गाठा. रस्त्यालगत ओळीने टपऱ्या. फुलौरी (डाळीच्या पिठाची गोल भजी), बैगनी (वांग्याची भजी) आणि सहीना. सहीना म्हणजे अळूची पानं डाळीच्या पिठात घालून तळलेली, आपल्या अळूवडीची सख्खी बहीणच. १८४५ मध्ये 'फतेल रझाक' जहाजातून पहिले गिरमिटिये (करारावर आणलेले भारतीय मजूर) इथे उतरले, पुढे १९१७ पर्यंत येत राहिले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, त्यामुळे डाळपुरीही सगळीकडे मिळते. फक्त आत हरभऱ्याची नाही, पिवळ्या वाटाण्याची डाळ.

दर्यावर्दी: माराकासच्या किनाऱ्यावरचं बेक अँड शार्क कसं विसरलात? तळलेल्या पावात मासा, वरून अननस, कोबी, लसणाचा सॉस आणि शॅडो बेनीची चटणी (वास थेट कोथिंबिरीचा, जरा उग्रच). सगळं स्वतः वाढून घ्यायचं.

पानगी: शार्क कमी होत चाललेत हो. किंगफिश मागा, तोही मिळतो.

दर्यावर्दी: मान्य. सुरमईच्याच जातकुळीतला आहे, चव उतरत नाही.

शनिवारवाडा: टोबॅगोला गेलात तर स्टोअर बेवरच्या बायकांच्या टपऱ्यांवर क्रॅब अँड डम्प्लिंग. खेकडा करीत बुडवलेला, चमच्याने खाणं अशक्य. पांढरा शर्ट घालू नका.

चटपटे: आणि रात्री?

रंकाळा: क्वीन्स पार्क सव्हाना या शहरातल्या मोठ्या मैदानापाशी कॉर्न सूप. मक्याच्या कणसाचे तुकडे, डम्प्लिंग, वाटाण्याची डाळ. क्रिकेटवेडे असाल तर क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदानही जवळच. १९७१ मध्ये गावसकरांनी एकाच कसोटीत १२४ आणि २२० काढले ते तिथेच. मॅच असेल तर आधी खाऊन घ्या, नंतर रांग हटत नाही.