बेटांच्या देशांना प्रादेशिक विकास बँक पैसा नेमका कसा देते?

कृष्णाकाठ (सांगली): आमच्या अभ्यासगटात कॅरिबियन विकास बँकेवर चर्चा ठेवलीय. बार्बाडोसचं दरडोई उत्पन्न बरं, म्हणून जागतिक बँकेचं सवलतीचं कर्ज त्याला नाही. मग प्रादेशिक बँक वेगळं काय करते? आणि मंजूर झालेला पैसा वर्षानुवर्षं पडून का राहतो?

हळदपेठ: पहिल्या प्रश्नाचं उत्तर बँकेच्या बाजारातल्या पतीत आहे. ही बँक १९७० पासून चालते, मुख्यालय बार्बाडोसमध्येच. कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, इटली, चीन हे सभासद आहेत, पण कर्ज घेत नाहीत. त्यांच्या भांडवलाच्या जोरावर बँक रोखे काढते आणि एकट्या बेटाला बाजारात जो स्वस्त दर कुणी दिला नसता, त्या दराने पैसा उभा करते. गावच्या सोसायटीला थेट कोण दारात उभं करतं? नाबार्डचं फेरकर्ज वरून जिल्हा बँकेमार्फतच झिरपतं ना, तसंच. शिवाय देणगीदारांचा वेगळा विशेष विकास निधी आहे. गरीब सभासदांना त्यातला स्वस्त पैसा साध्या कर्जात मिसळून देतात.

मिरज_जंक्शन: दुसऱ्याचं मी सांगतो, उदाहरण आशियाई विकास बँकेचं. मंजुरी म्हणजे पैसा नव्हे. करारावर सही, मग देशाच्या कायदा अधिकाऱ्याचं मत, अटींची पूर्तता, तेव्हा कुठे कर्ज लागू होतं. पुढे पैसा ठेकेदाराला थेट जातो, नाहीतर आधी खर्च मग भरपाई, नाहीतर आगाऊ खातं, म्हणजे पैसे आधी, हिशेब मागून. घोळ होतो तो आगाऊ खात्यात. बिलं आणि बँक जुळवणी पत्रक गेलं नाही की पुढची उचल अडकते. प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटदेशाची लोकसंख्या १०-११ हजारांच्या आसपास. लेखे, निविदा, पर्यावरण अहवाल सगळं त्याच मोजक्या टेबलांवर. नियमित कर्जात न उचललेल्या रकमेवर ०.१५ टक्के आकार चालूच असतो, हे वेगळं.

त्यात काम प्रवाळबेटावर. तिथली वाळू खारट, ती काँक्रीटमध्ये घातली तर सळई आतून गंजते. म्हणून खडी-वाळू जहाजाने आणावी लागते. बोटींच्या एकाच धक्क्याची निविदा काढली तर ठेकेदार फिरकत नाही. चार-पाच बेटांची कामं एकत्र बांधली तर यंत्रं आणण्याचा खर्च वाटला जातो.

द्राक्षबाग_तासगाव: वादळाचं राहिलं. २००४ च्या आयव्हन वादळानंतर ग्रेनाडा हा कॅरिबियन बेटदेश कोलमडला, त्यातून २००७ मध्ये कॅरिबियन आपत्ती विमा निधी उभा राहिला. पंचनामा नाही, वाऱ्याचा वेग, पाऊस ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की १४ दिवसांत पैसे. आपल्या हवामान आधारित फळपीक विम्याचाच प्रकार, आणि दुखणंही तेच: पाऊस बागेत, आकडा महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरचा. नुकसान होऊनही हात रिकामे राहू शकतात. शिवाय रक्कम तातडीच्या गरजेपुरती. २०१७ मध्ये मारिया वादळात डॉमिनिका या दुसऱ्या बेटदेशाचं नुकसान वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त होतं, ते विम्याने भरत नाही.

कृष्णाकाठ: मग हप्त्यांचं काय? वादळातही भरायचेच?

द्राक्षबाग_तासगाव: ग्रेनाडाने २०१५ च्या कर्ज पुनर्रचनेत चक्रीवादळाचं कलम घालून घेतलं आणि २०२४ च्या बेरिलनंतर ते वापरलं. हप्ता माफ होत नाही, पुढे सरकतो. थांबलेलं व्याज मुद्दलात मिळवलं जातं. पुरानंतर पीककर्जाचं पुनर्गठन होतं तसंच, फरक एवढाच की इथे शासनाच्या आदेशाची वाट बघावी लागते, तिथे ते रोख्यातच लिहिलेलं आहे.