गच्चीवरच्या बागेचे वर्ग घ्यायचेत (जुळे सोलापूर): आधी काय शिकवावं?

तुराटी
कॉलनीतल्या आम्ही चौघी मिळून मृगाच्या तोंडावर दर रविवारी तासभर बागेचे वर्ग सुरू करतोय. फी नाही, ज्याला यायचंय त्यानं यावं. वीसेक घरं तयार आहेत. अडचणी तीन. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, एरवी बोअरचं जड पाणी. कुंडीत भरायला काळी मातीच मिळते, ती वाळली की दगड. आणि खताच्या बादलीला वास सुटला की माणसं गळतात. सुरुवात कशापासून करावी?

पालापाचोळा
ताई, पहिल्या रविवारी फक्त बादली. एका दिवसात खत, माती, कीड सगळं सांगितलं की घरी जाऊन कुणी काहीच करत नाही.

वर्गाच्या १५ दिवस आधी तीन बादल्या मुद्दाम भरून ठेवा: एकीत नुसता ओला कचरा, एकीत जवळजवळ नुसता पाला, एकीत बरोबर प्रमाण. त्या दिवशी झाकणं काढून प्रत्येकाला वास घ्यायला लावा. पहिलीला कुजक्या अंड्याचा वास, म्हणजे आत हवा नाही. दुसरीतला पाला जसाच्या तसा आणि वर मुंग्या, म्हणजे ओल नाही. तिसरीला ओल्या मातीचा. हे नाकानं कळलं की तक्ता काढून समजावत बसावं लागत नाही.

भिंतीच्या रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, ऑइलपेंटची नको. बाजूंना ८ मिमीची १५-२० भोकं, तळाला पाच. खाली दोन विटा आणि ताटली. तळाशी चार बोटं वाळकी पानं, मग एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या पाला, वर मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक. दर तीन दिवसांनी हलवायचं. मूठ दाबली तर एखादा थेंब यावा. धार आली तर पाला घाला, हाताला ओल लागली नाही तर पाणी शिंपडा. उन्हाळ्यात इथं बादली सडण्यापेक्षा वाळतेच जास्त. साधारण ५०-६० दिवसांत खत.

चपट्या, मातकट, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की लोक बादलीच टाकून देतात. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या. चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

बादली बिघडते ती साधारण आठव्या ते बाराव्या दिवसात, तेव्हा चौघींनी पाच-पाच घरं वाटून घ्या आणि दहाव्या दिवशी प्रत्येकीकडे जाऊन झाकण उघडून बघा. खरं सांगायचं तर वर्ग एखादा बुडला तरी चालेल, ही फेरी बुडायला नको.

काळीभोर
मातीचा वर्ग दुसरा घ्या. प्रत्येकीला आपल्या घरची मूठभर माती आणायला सांगा. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्या. रेती मिनिटाभरात बसते, पोयटा (रेतीहून बारीक गाळ) दोनेक तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसते. काळ्या मातीला पाणी लागलं की ती फुगते, वाळली की आकसून कुंडीची कड सोडते. मग घातलेलं पाणी कडेनं खाली पळतं आणि मूळ कोरडंच राहतं.

कुंडीसाठी एक भाग काळी माती, एक भाग खत, एक भाग शेंगांची टरफलं. शेंगदाणा चटणीच्या गावात टरफलांना काय तोटा! दोन दिवस भिजवून घ्या. रसवंतीवरची ताजी चिपाडं तशीच मिसळू नका, ती कुजताना झाडाचा नत्र ओढून घेतात. महिना-दोन महिने कुजवून मगच.

आता व्हिडिओ बघून सगळे करतात ती चूक. अंड्याची टरफलं, चुना, राख कुंडीत घालणं. आम्लधर्मी मातीत ते ठीक. आपली माती मुळातच अल्कधर्मी आणि चुनखडीची, त्यात बोअरचं पाणी. मग मोगरा, जास्वंद, कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. लोह मातीत असतं, झाडाला घेता येत नाही. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, आठ-दहा दिवसांनी परत. उन्हात मारलं तर पानं करपतात. कायमचा इलाज म्हणजे बादलीतलं खत घालत राहणं.

माठवाला
पाण्यासाठी माठ. मातीत पुरला की तो पाझरून मुळांना हळूहळू पाणी देतो. भाजलेला, पण बिनारंगाचा, बिनपॉलिशचा माठ घ्या. भरून तासाभरात बाहेरून ओलसर झाला तर चांगला. झाडं लावायच्या १८ इंची पिशवीत दोन-तीन लिटरचा माठ गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकणी (नाहीतर डास), रोपं माठाला लागून वीतभर अंतरात. बी लावलं असेल तर उगवेपर्यंत वरून पाणी द्यावंच लागतं, हे सांगायचं राहतं आणि लोक माठाला नावं ठेवतात. बोअरच्या क्षारांनी छिद्रं बुजतात. तीन दिवसांत पातळी हललीच नाही तर माठ काढून पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रात्रभर बुडवा, काथ्यानं घासा.

डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. आरओचं टाकाऊ पाणी आणखी खारट असतं, ते फरशीला वापरा.

गच्चीचं वजन विसरू नका. ओली माती २५ सेंटीमीटर थर दिला तर चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास भरते. सलग वाफे नकोत; पिशव्या भिंतीच्या आणि तुळयांच्या कडेला ठेवा, इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

पहिलं पीक राजगिरा, अंबाडी. राजगिरा २५-३० दिवसांत खुडायला येतो. सोबत गवार, भेंडी. मेथीचा हट्ट पावसाळ्यात करू नका, दसऱ्यानंतर लावा.

तुराटी
तीन बादल्या उद्याच भरते. एक शंका: कॉलनीत भाजक्या शेंगांची टरफलं पोत्यानं निघतात. मातीत मिसळायला, वर आच्छादनाला ती चालतील?

काळीभोर
नुसती भाजलेली चालतील. खारवलेली असतील तर नको, आधीच क्षाराचं पाणी आहे. वर अंथरायची तर दोन इंच थर, आणि खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात खोड कुजतं. वाऱ्यानं उडतात, वरून पाणी शिंपडून बसवा.