शब्दचर्चा : ‘भूवेष्टित’ (भूतानच्या निमित्ताने)

भूतानच्या राजकीय आणि आर्थिक भवितव्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच वाक्यात अडले आहे. ‘हिमालयातील एक छोटे भूवेष्टित राज्य’ असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शब्द चुकीचा नाही. शाळेच्या भूगोलात तोच होता. जलवेष्टित म्हणजे बेट, तसा भूवेष्टित. पण वाचताना डोळ्यांपुढे काही येत नाही. ‘वेष्टन’ म्हटलं की साबणाच्या वडीवरचा कागद आठवतो. शिवाय भोवती जमीन असणं ही काही अडचण नव्हे, नागपूरच्या भोवतीही जमीनच आहे. समुद्रापर्यंतची प्रत्येक वाट दुसऱ्याच्या देशातून जाते ही खरी अडचण, आणि शब्दात नेमकी तीच नाही. दुसरं काही सुचतं का?

——

ताई, आमच्याकडे यासाठी शब्द शोधावा लागत नाही. वाटण्या झाल्या की एका भावाला रस्त्यालगतचा तुकडा मिळतो, दुसऱ्याला मागचा. मागच्या तुकड्याला ‘वाट नाही’ म्हणतात. जमीन बघायला आलेला माणूस मातीला हात लावण्याआधी विचारतो, ‘वाट आहे का?’ विहीर भरलेली असो, ऊस डोक्याच्या वर गेलेला असो, ट्रॉली बाहेर काढायची तर पुढच्याच्या बांधावरूनच. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करून बांधावरून रस्ता मागता येतो. पण अर्ज केला तरी त्या शेजाऱ्याशी रोज तोंड द्यायचंच असतं.

देशांचंही तसंच आहे. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रकायदा कराराचं कलम 125 अशा देशांना समुद्रापर्यंत जाण्यायेण्याचा हक्क देतं. मात्र अटी ज्याच्या जमिनीतून जायचं त्याच्याशी बोलून ठरवायच्या. आमच्या ‘वहिवाटी’सारखंच. माझं मत : ‘समुद्राला वाट नसलेला देश’.

——

‘वहिवाट’ वाचून उठून बसले! आता चित्र उभं राहिलं. भूतानच्या उत्तरेला चीन आहे, पण त्याच्याशी राजनैतिक संबंध नाहीत आणि सीमाही अजून पक्की झालेली नाही. म्हणजे नकाशावर शेजारी दोन असले तरी वाट एकच, दक्षिणेची. फुंतशोलिंग या भूतानच्या सीमेवरच्या गावाच्या कमानीतून पलीकडच्या, भारतातल्या जयगावला उतरायचं आणि पश्चिम बंगालमधून पुढे बंदराकडे. नगुल्त्रुम हे चलनही रुपयाला एकास एक बांधलेलं.

या दृष्टीनं पाहिलं की जलविद्युत भूतानला इतकी का मानवली तेही कळतं. विजेला बंदर लागत नाही, ती तारेवरून जाते. 1980 च्या दशकातला 336 मेगावॉटचा चुखा प्रकल्प, मग 1020 मेगावॉटचा ताला, 2019 मध्ये 720 मेगावॉटचा मांगदेछू. पण तारही शेजाऱ्याच्याच अंगणात उतरते. आणि हिवाळ्यात नद्यांचं पाणी आटलं की वीज उलट भारताकडून घ्यावी लागते. ‘भूवेष्टित’ या शब्दात यातलं काहीच मावत नाही.

——

मग सरळ ‘परावलंबी’ म्हणा. 1949 च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानायचं भूताननं कबूल केलं होतं ना?

——

नाही दादा, इथे मी ठाम आहे. ते कलम 2007 च्या करारात बदललं. सल्ला मानण्याची अट गेली, एकमेकांच्या राष्ट्रीय हितासाठी सहकार्य आलं. 1971 पासून भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे. ज्याला वाट नाही त्याला आपण परावलंबी म्हणत नाही, अडलेला म्हणतो. अडलेला माणूस मार्ग काढत असतो. आसामातल्या कोक्राझारहून भूतानमधल्या गेलेफूपर्यंत रेल्वे आणायचं ठरलं आहे आणि त्याच गेलेफूत नवं शहर वसवायची घोषणा राजांनी डिसेंबर 2023 मध्ये केली. त्याच महिन्यात भूतान अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला.

तसंच ‘राजेशाही’ हा शब्दही मी टाळते आहे. मराठीत राजेशाही म्हटलं की थाटमाट आधी आठवतो. इथे चौथ्या राजांनी 2006 मध्ये आपणहून गादी सोडली, 2008 मध्ये निवडणुका होऊन राज्यघटना आली आणि त्या घटनेनं राजाला 65 व्या वर्षी पायउतार व्हायला सांगितलं. ‘घटनात्मक राजसत्ता’ थोडं जड आहे, पण खरं आहे.

——

आणि देशाची प्रगती उत्पन्नाऐवजी लोकांच्या आनंदावरून मोजायची ही भूतानची कल्पना, ते ‘सकल राष्ट्रीय आनंद’? ‘आनंद’ तर सणासुदीचा, आला आणि गेला. ‘समाधान’ का नको?

——

मलाही आधी ‘समाधान’च हवं होतं. जोंग्खा या भूतानच्या राष्ट्रभाषेतला शब्द ‘गक्यिद’ : ‘ग’ म्हणजे आनंद, ‘क्यिद’ म्हणजे सुख, स्वस्थता. त्यामुळे ‘समाधान’ अर्थाला जवळ जातं. पण आपण ‘आहे त्यात समाधान मानावं’ असंही म्हणतो आणि इथे तो अर्थ चालणार नाही. भूतानची तरुण मुलं समाधान मानून बसलेली नाहीत, शिक्षणाला आणि कामाला मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला निघाली आहेत. देशाच्या भवितव्यातला सगळ्यात कठीण प्रश्न मला हाच वाटतो. वाट नसलेल्या देशातून माल निघायला अडचण, माणसं मात्र विमानानं भराभर निघतात. आणि 1990 च्या सुमारास ज्या लाखभर नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना देश सोडून नेपाळच्या छावण्यांत राहावं लागलं, त्यांना ‘समाधान’ वाचून काय वाटेल? ‘राष्ट्रीय’ म्हणताना राष्ट्रात कोण धरलं, हे लेखात लिहिणारच आहे.

घटनेच्या नवव्या कलमातही आनंद देण्याचं वचन नाही. तो शोधता येईल अशी परिस्थिती निर्माण करायला राज्यानं झटावं, एवढंच आहे. म्हणून मी ‘सुख’ घेते आहे : ‘सकल राष्ट्रीय सुख’. सुखासाठी परिस्थिती लागते हे मराठी कानाला सांगावं लागत नाही.

पहिलं वाक्य आता असं झालं आहे : ‘समुद्राला स्वतःची वाट नसलेला, हिमालयाच्या कुशीतला छोटा देश.’ ‘कुशीतला’ खटकतं आहे, त्यानं सगळं फार गोड होतं. ‘उतारावरचा’ बरं वाटेल का?