समुद्राकाठचे अवाढव्य तलाव की खुला समुद्र?

टाचणी: चिलीतल्या आल्गारोबोच्या त्या निळ्याशार तलावाचा फोटो परत फिरतोय, त्यावरून आठवलं. सान आल्फोन्सो देल मार, २००६, लांबी १,०१३ मीटर, क्षेत्र ८ हेक्टर. पाणी शेजारच्या पॅसिफिकचंच, उपसून आणि गाळून घेतलेलं. खुद्द समुद्र तिथे हंबोल्ट प्रवाहामुळे गारठलेला. दोन्हीकडे पोहणाऱ्यांनो, कामाचं लिहा.

उलटीलाट: तळाची काळी पट्टी नसली की माणूस तिरका जातो. दर ६-८ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढायचे, श्वास नेहमीसारखा बाजूलाच. अख्खं डोकं उचललं की कंबर बुडते. खूण किनाऱ्यावरची उंच इमारत धरा, बोया (पाण्यावर तरंगती खूण) लाटेआड जातो.

खारटपणा: खाऱ्या पाण्याच्या तलावात क्लोरीन टाकलं तरी जंतू मारतं ते ब्रोमीन. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं, त्यातून क्लोरीन ते मोकळं करतं. सायन्युरिक आम्ल उन्हापासून क्लोरीनला वाचवतं, ब्रोमीनला नाही. म्हणून भर उन्हात जंतुनाशकाचं रीडिंग धपकन पडतं. मोठा डोस सूर्य मावळल्यावरच.

चकली: केमिस्ट्रीचा तास 😀 गॉगलवरच्या वाफेचं सांगा कोणीतरी

खारटपणा: बेबी शाम्पूचा एक थेंब आतून पसरवा, लगेच खंगाळा. बोटाने घासू नका, आतला वाफरोधक थर जातो.

दीपस्तंभ: तलाव समुद्राला जोडलेला असला की नळ हीच दुखरी नस. सॅन फ्रान्सिस्कोचा फ्लाइशहॅकर पूल, १९२५ चा, १,००० फूट बाय १५० फूट, जीवरक्षक होडीतून फिरायचे. वादळात पाण्याची पाइपलाइन मोडली, मग गोडं पाणी भरून बघितलं, ते नासलं. १९७१ मध्ये बंद.

चकली: होडीतून!! मग शिट्टी ऐकू कशी जाणार

उलटीलाट: रिप करंटचं, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात ओढणाऱ्या प्रवाहाचं, राहिलंच. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतोय, तर तिथेच उतरू नका. लोक नेमके तिथेच उतरतात. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. तरंगत राहा, मदतीसाठी हात हलवा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा.

टाचणी: आणि मान, काखा सोलतात त्याचं?

दीपस्तंभ: व्हॅसलिन. पण गॉगल आधी चढवा, नाहीतर तेलकट बोटं काचेला लागतात.

चकली: शाम्पू आधी की व्हॅसलिन?

दीपस्तंभ: शाम्पू, गॉगल, व्हॅसलिन. ह्याच क्रमाने.